बांधामागची भेसळ

नवव्या दिवशी पाणी उतरलं आणि दहाव्या दिवशी सकाळी सून शेतात उतरली. तिच्या मागून सासू आली. सासूच्या मागून नवरा आला, तो खांद्यावर फावडं टाकून. फावड्यानं करण्यासारखं तिथं काही उरलं असेल असं त्याला तरी का वाटलं, कोण जाणे. पण रिकाम्या हातानं शेतात जायची त्याला सवय नव्हती.

शेत जागच्या जागी होतं, पण त्यातलं भात गेलं होतं. खाडीच्या उधाणानं पाणी सोडायच्या दाराजवळचा बांध फोडला होता आणि खारं पाणी नऊ दिवस रोपांच्या गळ्याशी उभं राहिलं होतं. लावणीला जेमतेम महिना झालेला. आता पाती टोकापासून पांढरी पडून सुरळीसारखी गुंडाळली होती, उकळतं पाणी ओतल्यासारखी. सुनेनं वाकून एक ठोंब धरला. ओढायचीही गरज पडली नाही, तो नुसता हातात आला. मुळं काळी आणि बुळबुळीत होती. तिनं दुसरा धरला, मग तिसरा. चिखलात पोटरीपर्यंत रुतत ती दाराकडून पार वरच्या तुकड्यापर्यंत गेली आणि परत आली, आणि येताना तिच्या हातात एकही हिरवं पान नव्हतं.

"बांध तीनदा फुटलाय माझ्या डोळ्यांदेखत," सासू म्हणाली. ती बांधावर उकिडवी बसली होती. "पण असं कधी झालं नव्हतं. दर वेळी काही ना काही उभं राहायचं. कधी निम्मं शेत, कधी पाव. पोटापुरतं व्हायचं."

"यंदा पावही नाही," नवरा म्हणाला. "कोळंबीवाला दोनदा विचारून गेलाय. त्याला तळी करायला जमीन पाहिजे. देऊन टाकू. मी वीटभट्टीवर जातो."

"घाई कसली आहे?" सून म्हणाली. "कणगीत बी आहे. पुढच्या हंगामाला पुरून उरेल."

"हेच बी ना?" त्यानं पायानं एक मेलेला ठोंब उलटा केला. "हेच तर मेलं."

तो रागानं बोलला नव्हता. म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

सुनेचं माहेर गोड्या पाण्याच्या गावातलं. तिचा बाप बियाण्याच्या शेतांची तपासणी करायचा, आणि खिशात सदैव भिंग असायचं म्हणून लोक त्याला भिंगवाला म्हणायचे. बियाण्याच्या शेतात एक जात म्हणजे एकच जात. त्यात वेगळं दिसणारं झाड, मग ते उंच असो, बुटकं असो, लाल दाण्याचं असो की कुसळांचं, ती भेसळ. ती मुळासकट उपटायची आणि बांधाबाहेर टाकायची. सहा वर्षांची असल्यापासून ती बापाच्या पुढं पुढं चालत भेसळ काढायची. तिची नजर बापापेक्षा तयार झाली. तो अभिमानानं सांगायचा, की माझं भिंग मी घरी विसरलो तरी चालतं, पोरगी बरोबर असली म्हणजे झालं.

लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा शेत बघून तिला घाम फुटला. एका तुकड्यात इतक्या तऱ्हांचं भात तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. कुणाच्या लोंब्या पिवळ्या, कुणाच्या काळपट, कुणाचा बुंधा जांभळा. काही झाडं पिकून वाकलेली, तर काही शेजारी खुशाल फुलोऱ्यात. अशा शेतातून पाहुण्यांना नेताना तिला लाज वाटायची. पहिल्याच वर्षी तिनं कंबर कसली. चार वर्षं डोळ्यांत तेल घालून तिनं भेसळ काढली, आणि चौथ्या वर्षी शेत असं एकसारखं झालं, की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. दाणाही थोडा जास्तच उतरला. वस्तीतल्या अकरा घरांनी तिच्याकडून बी नेलं. सासूनं या सगळ्यावर चांगलंही म्हटलं नाही आणि वाईटही नाही.

पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी भात संशोधन केंद्रातून एक बाई आली. उन्हानं रापलेला चेहरा, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, खांद्याला कागदी पाकिटांनी फुगलेली पिशवी. तिनं एक जुना कागद काढून सासूपुढं धरला.

"चौदा वर्षांपूर्वी आमच्या केंद्रातला माणूस इथून मूठभर बी घेऊन गेला होता. आठवतंय का, आजी?"

"चष्मेवाला," सासू म्हणाली. "चिखलात पडला होता बिचारा."

"तोच. त्यानं लिहून ठेवलंय, खाऱ्या पाण्यात टिकतं, दाणे मिश्र. मला तेच बी हवंय. जेवढं द्याल तेवढं."

सुनेला वाटलं, आता तरी आपल्या कष्टांना कुणी जाणता भेटला. ती आत गेली, कणगीचं झाकण काढलं आणि सूप भरून बी आणलं. बाईपुढं ठेवताना तिनं सुपाला एक हलका हेलकावा दिला. दाणा न दाणा सारखा, एका रंगाचा, एका मापाचा. त्यात एक फोल दाणा नव्हता, एक खडा नव्हता.

बाईनं सुपात हात घातला. बराच वेळ ती दाणे चाळत राहिली, तळाशी काही सापडतंय का ते बघितल्यासारखी. मग म्हणाली, "लाल दाणे कुठं आहेत? आणि कुसळांचे?"

सासूनं सुनेकडं बघितलं.

"ती भेसळ होती," सून म्हणाली. "मी काढली."

"सगळी?"

"चार वर्षं लागली."

बाईनं सूप खाली ठेवलं. ती ओरडली नाही की तिनं कपाळाला हातही लावला नाही, पण पिशवीतून निम्मी बाहेर काढलेली पाकिटं तिनं परत आत सरकवली. तेवढ्यानं सुनेच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," बाई म्हणाली. "आम्हीही तेच केलंय. त्या मुठीतलं दिसायला सर्वांत चांगलं एक झाड आमच्या लोकांनी निवडलं, तेच वाढवलं, बाकीचं संपून गेलं. यंदा त्याला खाऱ्या पाण्यात लावलं तर आठ दिवसांत आडवं. खारं सोसणारं झाड दिसतं कसं हेच आम्हाला माहीत नव्हतं. ते लाल असेल, बुटकं असेल. एकाला मीठ सोसत असेल, दुसऱ्याला बुडून राहणं सोसत असेल. दोघांचा संकर केला तर कदाचित दोन्ही सोसणारं होईल. पण त्यासाठी आधी दोघं हातात तरी हवीत."

"मी काही शहाणपणानं ठेवलं नव्हतं," सासू एकदम म्हणाली. "पोरगा पोटात असताना त्याचा बाप गेला. एकटी बाई काय काय बघणार? निवडत बसायला वेळ कुणाला होता? एक तेवढं केलं. माझ्या सासूनं सांगितलं होतं, बी एका जागचं धरायचं नाही. दाराजवळची एक मूठ, वरच्या तुकड्यातली एक, आणि जिथं पाणी तुंबतं तिथल्या दोन. अशा सात ठिकाणच्या मुठी एकत्र करायच्या. मी करत गेले."

 सुनेनं बी नेहमी मधल्या तुकड्यातलं धरलं होतं. ते सर्वांत देखणं असायचं.

बाई दुसऱ्या वस्तीवर जायला निघाली. जाताना म्हणाली, कुठं चार दाणे जरी सापडले तरी निरोप द्या. ती दिसेनाशी झाल्यावर सुनेनं विचारलं, "आत्या, तुम्ही मला एकदाही अडवलं का नाही?"

"लोक म्हणायला लागले, काकूंचं शेत आता कुठं शेतासारखं दिसतंय," सासू म्हणाली. "मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?" आणि ती उठून चुलीकडं गेली. चुलीतली लाकडं तिनं जरा जास्तच आदळली.

दुसऱ्या दिवशी सून रिकामं सूप घेऊन बाहेर पडली. वस्तीतली अकराच्या अकरा घरं तिनं पालथी घातली. जुनं बी आहे का, मिश्र, लाल दाण्याचं? कणगीच्या तळाला, एखाद्या मडक्यात, उशीत भरलेलं? कुणाकडं नव्हतं. सगळ्यांनी तिचंच बी लावलं होतं आणि सगळ्यांचंच शेत मेलं होतं. एका घरातली म्हातारी तिला दारातच म्हणाली, "तूच सांगितलंस ना, जुनं कोंबड्यांना घाला? कोंबड्यांनी खाल्लं. आता कोंबड्यांना विचार." आतून कुणीतरी हसलं. सुनेनं तेही ऐकून घेतलं, आणि पुढच्या घरी गेली. अकराव्या घरातून निघाली तेव्हा सूप तितकंच रिकामं होतं आणि कान तापले होते.

ती घरी गेली नाही, बांधावर गेली. सूप पायाशी ठेवून मेलेल्या शेताकडं बघत उभी राहिली. चार वर्षं याच बांधाच्या कडेनं ती चालली होती. वाकायचं, बुंध्याशी धरायचं, उपटायचं, आणि उठता उठता हात मागं टाकायचा. तिचा उजवा हात नकळत तसा मागं गेला. मग ती वळली आणि हात जिकडं गेला होता तिकडं तिनं बघितलं.

बांधामागं खाडीच्या बाजूला लव्हाळं माजलं होतं. तिकडं कुणी जात नसे. चिखल आणि खेकडे, दुसरं काय होतं तिथं? उधाणाला पाणी यायचं आणि जायचं. सून बांधावरून घसरत खाली उतरली. चिखल मांडीपर्यंत आला. लव्हाळ्याची पाती हातांनी बाजूला करत ती आडवी आडवी सरकत गेली. पहिल्या पन्नास पावलांत काही नव्हतं. एका खेकड्यानं अंगठ्याला धरलं, तिनं त्याला झटकला आणि पुढं गेली. मग तिला एक बुंधा दिसला, जांभळा.

लव्हाळ्याचा बुंधा असा नसतो. तिनं पान बोटांत धरून उलटं चोळलं. ते भाताचं पान होतं. पलीकडं दुसरा ठोंब होता, बुटका, पसरट. त्याच्या पलीकडं एक उंच, आत लोंबी धरून फुगायला लागलेला. तिनं उपटून फेकलेली झाडं इथं पडली होती, काहींचे दाणे तोवर भरत आले होते. ते झडले, उगवले, मेले, पुन्हा उगवले. चार वर्षं खाऱ्या चिखलात, कुणी खत न घालता, कुणी न बघता. बांध फुटला तेव्हा शेतात आलेलं पाणी आधी यांच्यावरूनच गेलं होतं.

तिनं मोजले. सदतीस ठोंब. पुन्हा मोजले, तरी सदतीसच. तिला इतका आनंद झाला, की सकाळपासून गिळलेली सगळी लाज मागं पडली. ती तिथंच चिखलात उभी राहून मोठ्यानं हसली, आणि लगेच गप्प झाली. कारण बांधावरून आवाज यायला लागले होते. फावडी, घमेली, माणसं. बांध बुजवायला गडी आले होते.

पुढच्या उधाणाला बारा दिवस होते. त्याच्या आत फुटका बांध बुजवायला हवा, नाहीतर उरलीसुरली जमीनही खारावणार. दर घराचा एक माणूस, असा वस्तीचा नेम होता. कामावर देखरेख करणारा मुकादम बांधावर उभा राहून हातानं दाखवत होता, माती कुठून काढायची ते. माती नेहमी खाडीच्या बाजूची काढत, कारण अलीकडं शेतं. आणि फुटलेल्या जागेला सर्वांत जवळची खाडीची बाजू म्हणजे हीच.

"वहिनी, बाजूला व्हा," मुकादम वरून म्हणाला. "तिथं फावडी चालायचीत."

"इथली माती काढू नका."

"का? काय पुरलंय?"

"भात आहे."

मुकादमानं वाकून बघितलं. "ते गवत आहे."

"गवत नाही. मी शेतातून उपटून फेकलेलं भात आहे. भेसळ." हे शब्द तिला सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलावे लागले, कारण कामावरचे सगळे हात थांबले होते. "ते जगलंय. आपलं सगळ्यांचं मेलं, ते जगलंय. मला त्याचं बी पाहिजे."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आधी फेकायचं आणि मग राखण करायची, चांगला उद्योग आहे." हशा पिकला. तिचा नवरा त्या घोळक्यात होता. तो हसला नाही, पण फावड्याच्या दांड्याकडं बघत राहिला. त्याची मान खाली गेली याचं तिला त्या हशापेक्षा जास्त वाईट वाटलं.

"माती पलीकडून काढा," ती म्हणाली. "त्या वाकलेल्या झाडापासून."

"साठ पावलं लांब पडतं ते," मुकादम म्हणाला. "प्रत्येक घमेल्याला साठ पावलं. बारा दिवसांत बांध व्हायचा नाही. मग उधाण आलं की तुझं भात आणि आमची शेतं एकदमच जातील."

"आमच्या घरातून एकाऐवजी दोन माणसं येतील. जास्तीची साठ पावलं मी वाहीन."

"तीन," मागून आवाज आला. सासू येऊन उभी होती. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, हातात घरातलं पीठ मळायचं मोठं पातेलं. घमेलं एकच होतं आणि ते मुलाकडं होतं. "तीन माणसं येतील. आता बोल."

 काकूंच्या त्या पातेल्याकडं बघून मुकादमाला हसू आलं, आणि हसू आलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

मग काम सुरू झालं. गडी वाकलेल्या झाडापाशी माती काढत आणि फुटलेल्या जागेपासून साठ पावलं अलीकडं आणून ओतत, तिथून पुढं सून उचलायची. ओली माती, दगडासारखी जड. पहिल्या दिवशी मान गेली. दुसऱ्या दिवशी चुंबळीखालची कातडी सोलवटली आणि खारं पाणी तिथं ओघळलं की डोळ्यांपुढं काजवे चमकत. तिसऱ्या दिवशी तळपायाला शिंपला लागला. तिनं चिंधी बांधली आणि टाचेवर चालली. सासू अर्धं पातेलं भरून न्यायची, पण थांबायची नाही. बसा म्हटलं तर म्हणायची, "बसले तर उठायची नाही. चालू दे."

नवरा दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी भाकरतुकडा खायच्या वेळेला तो उठून बांधामागं उतरला. ती बघत राहिली. तो एकेका ठोंबापाशी थांबत होता, बोटानं चाचपत होता. परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून.

"खेकडे बुंधे कातरतायत," तो म्हणाला. "कामट्यांचं कुंपण घालायला पाहिजे."

"घालाल?"

"मग काय कोळंबीवाला घालणार?" तो म्हणाला, आणि त्या दिवशी काम सुटल्यावर त्यानं बांबू फोडायला घेतला. कामट्या इतक्या जवळ जवळ रोवल्या, की खेकड्याला आडवं होऊनही जाता येऊ नये.

अकराव्या दिवशी बांध बुजला. शेवटचं घमेलं मुकादमानं स्वतः ओतलं आणि वर उभा राहून पायानं चोपलं. मग खाली कुंपणाकडं बघून म्हणाला, "भेसळवाल्या वहिनी, पिकलं तर मला मूठभर ठेवा." त्या दिवसापासून वस्तीत तिचं नाव भेसळवाली पडलं. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. घेऊन सांगणार कुणाला?

सासूच्या डोक्यात आणखी एक होतं. "फुटवे काढ," ती म्हणाली. "एका ठोंबाला दहा-बारा फुटवे आहेत. निम्मे तिथंच राहू देत, निम्मे सोडवून शेतात लाव. मुळाला धक्का लागला नाही तर लागतात." सुनेनं एकेक फुटवा अशा हातानं सोडवला, जसं गुंतलेल्या केसांतून फणी काढावी. दोनशे बारा फुटवे निघाले. ते तिनं दाराजवळच्या तुकड्यात लावले, जिथं मीठ उन्हात पांढरं दिसत होतं. पंधरा दिवसांत त्यातले साठ मेले. उरलेले मेले नाहीत. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती तिथं जाऊन मोजायची, आणि आकडा खाली आला नाही की दिवसभर तिचा हात हलका चालायचा.

पीक तयार झालं तेव्हा केंद्रातली बाई आली. या वेळी तिनं बूट काढून ठेवले आणि अनवाणी उतरली. एकदम कापणी नव्हतीच. जी लोंबी पिकेल ती विळ्यानं काढायची, दुसरी चार दिवसांनी. ओसरीवर कापड पसरून तिघी लोंब्या वेगळ्या करायला बसल्या. प्रत्येक तऱ्हेचं एक पाकीट.

"चौदा," शेवटी बाई म्हणाली. "चौदा प्रकार. मला पाचाचीही आशा नव्हती."

सून तिच्या पाकिटांवरून नजर फिरवत होती. तिनं एक पाकीट उचललं, ओतलं आणि बोटानं दोन ढीग केले. "हे दोन आहेत. याचं टोक काळं आहे, याचं तपकिरी." दुसरं ओतलं. "यातला हा दाणा पाठीला बारीक वाकलाय, बघा." बाईनं खिशातून भिंग काढून बघितलं आणि मान हलवली. एकेक करत एकोणीस पाकिटं झाली. ज्या डोळ्यांनी तिनं ही सगळी शेताबाहेर काढली होती, त्याच डोळ्यांनी ती आता त्यांना एकेक करून ओळखत होती.

"हे मला जन्मात दिसलं नसतं," बाई म्हणाली. "ताई, ही नजर कुणी दिली तुम्हाला?"

सुनेनं हातातलं रिकामं पाकीट बोटांनी सरळ केलं. 

थोड्या वेळानं सासूनं तिच्या मनगटावर चापट मारली. घरच्या बियाण्याचा ढीग समोर होता आणि बोलता बोलता सुनेच्या बोटांनी त्यातले सात-आठ लाल दाणे उचलून बाजूला ठेवले होते. तिला कळलंही नव्हतं. "हाताला आवर," सासू म्हणाली. सुनेनं ते दाणे परत ढिगात टाकले आणि दोन्ही हातांनी ढीग खालीवर करून मिसळला.

पाकिटं केंद्रात गेली. मूठभर बी मुकादमाकडं गेलं. बाकीचं घरच्या कणगीत राहिलं. कोळंबीवाला पुन्हा आला तेव्हा नवऱ्यानं त्याला पाणी दिलं, इकडचं तिकडचं बोलला, आणि जमिनीचा विषय निघायच्या आत विळ्याला धार लावायला उठला.

पुढच्या हंगामात ते मिसळलेलं बी साऱ्या शेतात लागलं. लावणीनंतर दीड महिन्यानं सुनेचा बाप आला. भिंगवाला आता थकला होता, काठी घेऊन चालायचा, पण खिशात भिंग होतं. तिनं त्याला आधी काही कळवलं नव्हतं. काय आणि कसं सांगावं हे तिला जमलं नव्हतं. तिनं जे केलं ते त्याच्याच शिकवणीनं केलं होतं, आणि त्या शिकवणीत त्याचं सारं आयुष्य गेलं होतं.

बांधावर पोचल्यावर तो थबकला. शेत उंचसखल, पातळ आणि दाट, हिरव्यात जांभळं मिसळलेलं. 

"पोरी, हे काय झालं?" तो म्हणाला. "आजारी होतीस का? दोन वर्षांपूर्वी आलो तर आरशासारखं शेत होतं तुझं."

"ते गेलं, बाबा. खारं पाणी आलं आणि सगळं एकदम गेलं."

"म्हणून असं सोडून द्यायचं?" तो ऐकत नव्हता. त्याची नजर शेतावरून फिरत होती, आणि सहा वर्षांच्या पोरीला ज्यानं वाकायला शिकवलं तो माणूस काठी बांधावर टाकून वाकला. जांभळ्या बुंध्याचं एक झाड त्याच्या पायाशीच होतं. तिनं नको म्हणेपर्यंत ते मुळासकट त्याच्या हातात आलं होतं. चाळीस वर्षांची सवय. त्याचा हात बांधामागं जायला वर उचलला गेला.

तिनं मनगट धरलं.

बापाचं मनगट तिनं आजवर असं कधी धरलं नव्हतं. हाडं लागत होती. तो तिच्याकडं बघत राहिला.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली.

"लोक हसतील तुला."

"हसून झालंय त्यांचं."

"हे चूक दिसतं, पोरी. मी तुला हे शिकवलं नव्हतं."

"तुम्ही शिकवलं म्हणून तर ओळखू येतं," ती म्हणाली. "एकोणीस आहेत. आणखी कुणाला दिसत नाहीत. मला एकेक दिसतं."

त्यानं हातातल्या झाडाकडं बघितलं. खिशातून भिंग काढलं, बुंध्यावर धरलं, पानावर धरलं. बराच वेळ धरून राहिला. काय दिसलं ते त्यानं सांगितलं नाही, पण मूठ सैल सोडली.

तिनं झाड घेतलं आणि चिखलात उतरली. ते जिथून निघालं होतं तो खड्डा अजून पाण्यानं भरला नव्हता. मुळं सरळ करून तिनं ती आत ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी माती दाबली, आणि पाती सरळ उभी राहीपर्यंत झाडाला धरून ठेवलं. वर बांधावर तिचा बाप काठी शोधत होता. ती सापडल्यावर तो तिच्या टोकानं वरच्या तुकड्याकडं दाखवत म्हणाला, "तिकडचं ते बुटकं, विसावं आहे का बघ."

ती उठली आणि चिखल तुडवत बघायला गेली.